'हापसा' नक्की कशाकशाला म्हणायचं?

माणदेशी (आटपाडी)
वस्तीवरच्या बोअरपाशी नवी पाटी लागलीय, 'सार्वजनिक हातपंप'. जन्मापासून आम्ही त्याला हापसाच म्हणतोय. त्यावरून भाच्याशी वाजलं. तो म्हणतो, हातानं वरखाली करून चालवायचं ते सगळं हापसा, स्टोसुद्धा. मी म्हणतो, हापसा फक्त बोअरचा. बोला.

वाईकर
भाचा बरोबर. स्टो मंदावला की आमची आजी म्हणायची, "जरा हापस गं त्याला."

माणदेशी
हापस म्हणायची, हापसा नव्हे! फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आम्ही दिवसभर दांडा मारतो. पण 'हापसा घेऊन रानात चाललोय' म्हटलं तर लोक म्हणतील, गड्यानं बोअरच उपटला.

मिरजेची_लेक
आणि वाड्यातला बिडाचा पंप? माहेरी आडावर होता. सकाळी आधी तांब्याभर पाणी वरून ओतायचं, मग तो पाणी धरायचा. त्यालाही हापसाच म्हणायचो. बोअर कुठं होता तिथं?

विट्याचा_फिटर
ताई, तो वरून ओढणारा. सात-आठ मीटरच्या खालचं पाणी त्याला येत नाही. बोअरच्या हापशाचं सिलिंडर खाली पाण्यात बुडालेलं असतं. दांडा दाबला की साखळी रॉड वर खेचते, त्याबरोबर पाणी. म्हणून वरून ओतावं लागत नाही. ही साखळीची युक्ती सोलापूर पंपातली, त्यावरूनच १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू झाला. यंत्रं वेगळी, पण वायसर गेलं की दोन्हीकडं माणूस कोरडंच हापसत बसतो. त्यामुळं दोघांना एक नाव असायला माझी हरकत नाही. सायकलच्या पंपाला मात्र नको. तिथं हवा मारतात.

वाईकर
म्हणजे पाणी आलं की हापसा, हवा आली की पंप? मग फवारणीच्या पंपातून काय दूध येतं का राव?

विट्याचा_फिटर
त्यात पाणी तुम्हीच ओतता की. हापसा जमिनीतनं काढतो.

दहिवडीकर
आमच्यात दांडा काढून आत मोटर सोडली, शेजारी काळी टाकी. हापसायला काहीच उरलं नाही. तरी एसटीतून उतरणाऱ्याला सांगतो, "हापशापाशी थांब, आलोच." त्याला काय म्हणायचं?

माणदेशी
हापसाच. ते चालतंय. पण स्टो न्हाई.