वजनाच्या इंजेक्शननंतर केस गळतायत, डोस वाढवू की थांबवू?

निळीशाई
सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन चालू आहे. वजन छान उतरलंय, गुडघ्यांची कुरकुर थांबलीय, साखर ताळ्यावर आलीय. पण गेल्या महिन्यापासून केस जे जायला लागलेत ते थांबायचं नावच घेत नाहीत. बाथरूमच्या जाळीवर झुपका, उशीवर केस, कंगव्याचं तर विचारूच नका. वेणीच्या रबराचा आता एक वेढा जास्त घालावा लागतो, तोही सैलच. टाळूला खाज नाही, कोंडा नाही, चट्टे नाहीत. सगळीकडून सारखेच विरळ होतायत.

डॉक्टरांना फोनवर विचारलं तर "होतं असं" म्हणाले. पुढच्या आठवड्यात डोस वाढवायचाय. वाढवू, की सगळंच बंद करू? मैत्रिणीनं बायोटिनच्या गोळ्या हातात ठेवल्यात, त्या घेऊ का? "टेन्शन घेऊ नकोस, त्यानंच गळतात" हे सोडून काहीही सांगा.

पाणचक्की
अगं, मी याच वाटेनं गेलेय, फक्त माझं टिर्झेपॅटाइड होतं, वजनाचंच दुसरं इंजेक्शन.

आधी गळलेला केस उजेडात धर. टोकाला पांढरट बारीक गाठ दिसली तर तो मुळातून सुटलाय, मध्येच तुटलेला नाही. डोक्यावरच्या केसांपैकी साधारण दहातला एक एरवीही विश्रांतीत असतो. बाळंतपण, मोठा ताप, ऑपरेशन किंवा झपाट्यानं उतरलेलं वजन, असा काही झटका बसला की एकदम पुष्कळ केस विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात त्याला. म्हणजे आज जाळीवर दिसतोय तो हिशेब जुना आहे. तुझं वजन सर्वांत वेगानं कधी उतरलं ते वहीत बघ, बहुतेक तारखा जुळतील. माझ्या जुळल्या होत्या.

"होतं असं"चे आकडे हवे असतील तर औषधांच्या माहितीपत्रकात आहेत. वेगोव्ही (म्हणजे तुझंच सेमाग्लुटाइड) घेणाऱ्यांत सुमारे 3 टक्के, तुलनेसाठी औषध नसलेलं नुसतं दिखाऊ इंजेक्शन घेणाऱ्यांत 1. झेपबाउंडमध्ये (म्हणजे माझं टिर्झेपॅटाइड) बायकांत 7.1 टक्के आणि पुरुषांत 0.5! केस गळण्याचा संबंध वजन घटण्याशी आहे, असंही त्यात लिहिलंय.

आणि खरं सांग, तू जेवतेस किती? या औषधांवर भूक अशी मरते की चार घास खाल्ले तरी पोट तुडुंब. मला वाटायचं, बरंच झालं. आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून काढायला लावलं तेव्हा कळलं, प्रथिनं गरजेच्या निम्मीसुद्धा पोटात जात नव्हती. तेव्हापासून ताटातलं प्रथिन आधी संपवायचं, मग बाकीचं, हा नियम लावून घेतला.

उंटावरचा
मी पण हेच इंजेक्शन घेतोय, माझा एक केस गेला नाही. (होतेच किती म्हणा.) पण एवढा त्रास असेल तर सरळ बंद करा ना ताई. केस येतील परत.

पाणचक्की
उंटावरून शेळ्या हाकू नका हो! जे केस विश्रांतीत गेलेत ते इंजेक्शन बंद केलं तरी गळणारच, त्यांची मुळं आधीच सुटलीत. आणि वजन? सेमाग्लुटाइडच्या स्टेप 1 चाचणीतल्या लोकांनी औषध सोडल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग परत कमावला. मग पुन्हा सुरू करायचं, पुन्हा झपाट्यानं उतरवायचं, पुन्हा केस.

त्यापेक्षा डॉक्टरांना विचार, आहे त्याच डोसवर आणखी थोडं थांबता येईल का. वजन उतरतंय ना? मग वाढवायची घाई कसली? पण हे फोनवर नको, समोर बसून विचार.

परीक्षानळी
मी लॅबमध्ये आहे, म्हणून फक्त बायोटिनबद्दल, म्हणजे केसांसाठी खातात त्या बी गटातल्या जीवनसत्त्वाबद्दल. त्याची कमतरता फार क्वचित दिसते, पण गोळ्या सर्रास घेतल्या जातात. जास्त डोसमुळे काही पद्धतींत थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात: टीएसएच खोटंच कमी, टी4 खोटंच जास्त. हृदयविकारासाठी बघतात ते ट्रोपोनिनही खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं 2017 मध्ये तसा इशारा दिला होता. तेव्हा आधी तपासण्या, मग गोळ्या. सुरू केल्या असतील तर रक्त देताना सांगा. फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच, बी12 आणि डी जीवनसत्त्व करून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन बघून "लोह ठीक" म्हणू नका, साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरतं.

निळीशाई
सगळ्यांचे आभार. पांढरी गाठ आहे! जेवणाचं म्हणाल तर संध्याकाळचं बऱ्याचदा राहूनच जातं, भूकच नसते. डोसचं समोर बसून विचारीन. एक राहिलं: आईचा भांग खूप रुंद झालाय, आणि माझाही हल्ली तसाच वाटतो.

पाणचक्की
मग त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवच. अनुवांशिक विरळपणा आतून चालूच असतो आणि अशा गळतीत उघडा पडतो. तो आपोआप भरत नाही, त्याला मिनॉक्सिडिल वगैरे केस वाढवणारं वेगळं औषध लागतं. त्यानंही सुरुवातीला गळती वाढते, तेव्हा घाबरून सोडू नकोस. आजच भांगाचा एक फोटो काढून ठेव, पुढे ताडून बघायला बरा.

नुसती गळती असेल तर साधारण सहा महिन्यांत थांबते. पण केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे वेणी पहिल्यासारखी व्हायला वर्षाच्या वर जाईल. मी खांद्यापर्यंत कापून टाकले. आखूड केसांत विरळपणा कमी दिसतो, आणि जाळी साफ करणंही सोपं जातं.