अनुभव धागा : घरच्या घरी, कमी खर्चात गाण्याचा डेमो

मी साताऱ्यात शाळेच्या गॅदरिंगसाठी कवितांना चाली लावते. पंधरा वर्षांतल्या निम्म्या चाली हरवल्या. वहीत नोटेशन आहे, पण मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कुठून घेतली, कुठे रेंगाळले, ते त्यातून परत सापडत नाही. म्हणून गेल्या वर्षापासून प्रत्येक चालीचा डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, करते. सुरुवात मीच करते. तुम्ही काय वापरलंत, काय फसलं, ते जरूर लिहा.

आधी मी फोन पेटीवरच ठेवायची. पट्ट्यांची खटखट, भात्याची धाप, आणि आवाज कुठेतरी मागे. आता फोन उंच स्टुलावर, घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडासमोर हातभर अंतरावर असतो. पेटी खालीच राहते, त्यामुळे शब्द पुढे येतात.

दुसरी अडचण कळायला महिना गेला. दुसऱ्या फोनवर तानपुरा लावून गायचे, तर रेकॉर्डिंगमध्ये तो काही सेकंदांत विरून जायचा. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं समजून फोनच तो दाबत होता. आवाजावर कसलीही प्रक्रिया न करता वेव्ह फाइल साठवणारं रेकॉर्डर ॲप घेतलं आणि तानपुरा परत आला. त्या दिवशी फार बरं वाटलं.

डोंबिवली, रेल्वे लाइनीजवळचं घर

गिटारवर स्वतःची गाणी करतो. यूएसबी कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा) घेतला, त्यात शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा स्वच्छ आल्या. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, लोकलचा आवाज तसूभरही कमी झाला नाही. बाहेरचा आवाज अडवायला भिंतीला वजन लागतं, पातळ पुठ्ठ्याचं ते काम नाही. खोलीतला घुमारा मात्र जाड, मऊ वस्तू शोषतात. मी कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसतो, समोर माइकच्या मागे दोरीवर आजीची गोधडी टांगतो. कंडेन्सर विकून साधा डायनॅमिक माइक (हा मुख्यतः जवळचाच आवाज घेतो) आणि छोटा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) घेतला, दोन्ही सेकंडहँड. कार्डिओइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणाऱ्या, माइकला मागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे. तोंड चार बोटांवर. 'प' आणि 'फ'चे फटके टाळायला भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून लावला आहे, तो छान चालतो. लॅपटॉप चार्जरला लावलेला असला की माझ्याकडे बारीक घुंई येते, त्यामुळे रेकॉर्डिंग बॅटरीवरच.

नागपूर

मे महिन्यात कूलर बंद करून गाणं शक्य नाही, आणि सुरू ठेवला तर अंतरा ऐकूच येत नाही. पहाटे पाचला रेकॉर्ड करते. गाण्याआधी दहा सेकंद गप्प बसते. ती शांतता ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरला नमुना म्हणून दिली की उरलेली घरघर कमी होते. हात हलका ठेवा, जास्त काढलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

सांगली, तबलावादक

माझ्याकडे डेमो येतात ते बहुतेक क्लिकवर, म्हणजे कानात ठरावीक लयीत वाजणाऱ्या टकटकीवर, गायलेले. अभंगाला क्लिक लावू नका, ही मनापासून विनंती. ओळ संपताना गायक जो श्वास घेतो, त्याच्यासाठी ठेका किंचित थांबतो, आणि क्लिकवर तो थांबूच शकत नाही. एका खोलीत एकत्र बसा, एक माइक गायकाजवळ ठेवा आणि तबल्याला चार-पाच फूट मागे सरकवा. कमी-जास्त वाटलं तर नॉब फिरवण्याआधी अंतर बदला. रेकॉर्डिंगची लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या (शून्याला आवाज फाटतो). रंगात आल्यावर एखादा 'धा' उसळतोच, आणि फाटलेला आवाज नंतर नीट सांधता येत नाही.

फोंडा, गोवा

बहीण न्यू जर्सीत, मी इथे. मी पेटी वाजवून पाठवतो, ती त्यावर गाते. आमची पेटी जुनी, ४४० हर्ट्झच्या (सूर मिळवायच्या प्रमाण मापाच्या) थोडी वर लागते, आणि तिचा कीबोर्ड नेमका ४४०वर. दोघांचाही सा काळी चार या पट्टीवर, तरी जुळेना! शेवटी तिने कीबोर्डच फाइन ट्यून करून पेटीला मिळवला. ब्लूटूथ हेडफोनवर तिला पेटी उशिरा ऐकू यायची आणि ती प्रत्येक समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) मागे पडायची, साध्या वायरच्या इयरफोनने ते गेलं. फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, म्हणजे जशीच्या तशी पोचते. सुरुवातीला चार टाळ्या असतात, त्यांवर तिचा आणि माझा ट्रॅक जुळवता येतो.

पंढरपूरजवळचं गाव

अण्णांना भजनाच्या कितीतरी जुन्या चाली येतात. समोर माइक ठेवला की गळा आखडायचा. मग त्यांना सांगून, पण नजरेआड, देवघराच्या कोनाड्यात फोन ठेवू लागले. घंटा वाजते, मधेच कोणी हाक मारतं, ते तसंच राहू देते. एकच चाल तीन दिवस तीन तऱ्हांनी आली, तिन्ही ठेवल्या. फाइलच्या नावात तारीख घालते, आणि पट्टी नि ताल सुरुवातीलाच बोलून ठेवते, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा शोधत बसावं लागतं. हल्ली ती ओळ अण्णाच बोलतात, "काळी एक, भजनी ठेका," आणि मग टाळ उचलतात.