जुन्या व्यापारी संकुलात रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह: सरकारी अनुदान मिळतं का? (पुणे)

गाळाधारक_कर्वेरस्ता

कर्वे रस्त्यावरचं १९९४ सालचं संकुल. तळमजला अधिक तीन मजले, २२ गाळे, प्रिमायसेस सोसायटी (गाळाधारकांची सहकारी संस्था) नोंदलेली आहे. वर फिजिओथेरपी सेंटर, दोन सीए, एक क्लास. प्रवेशाला तीन पायऱ्या, प्रत्येकी १६ सेंमी. समोरचं मार्जिन (इमारतीपुढची मोकळी जागा) ४.५ मी., सध्या पेव्हर ब्लॉक, तेही खचलेले. पायऱ्यांच्या डावीकडे कोपऱ्यापर्यंत ७.५ मी. भिंत आहे, तिथे एकही शटर नाही. लिफ्ट सहा माणसांची, जाळीच्या दाराची. तळमजल्यावर दोन सामायिक संडास शेजारीशेजारी.

सोसायटीकडे साधारण ४ लाख आहेत. सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अपंगांसाठी रॅम्प केला की निम्मा खर्च सरकार परत देतं' असा मेसेज फिरतोय, त्यामुळे सगळे 'आधी अनुदान आणा, मग बघू' म्हणून बसलेत. असं खरंच काही आहे का? नसेल तर पैसे आधी कशावर घालावेत? आणि वॉचमन, सफाईवाले, कंत्राटदार यांना हे शिकवायचं कुठे?

जमाखर्च

तो मेसेज अमेरिकेतला आहे. तिथे छोट्या धंद्यांना, म्हणजे वार्षिक उलाढाल १० लाख डॉलरपर्यंत किंवा पूर्णवेळ कर्मचारी ३० पर्यंत असलेल्यांना, अशा खर्चाच्या निम्मी करसवलत मिळते. २५० डॉलरच्या पुढचा आणि १०,२५० पर्यंतचा खर्च धरतात, म्हणजे जास्तीत जास्त ५,००० डॉलर. कुणीतरी डॉलर काढून मराठीत पुढे ढकललंय.

आपल्याकडे खासगी व्यापारी इमारतीला थेट अनुदान नाही. केंद्राची 'सिपडा' ही दिव्यांग कायदा राबवण्यासाठीची योजना आहे आणि सुगम्य भारत अभियानात (इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याची केंद्राची मोहीम) घेतलेल्या इमारतींचा पैसा तिच्यातूनच येतो, पण तो राज्य सरकारं, सरकारी संस्था, विद्यापीठं यांच्यासाठी. महापालिकेचा ५ टक्के दिव्यांग निधी दिव्यांग व्यक्तींसाठी आहे, तुमच्या जिन्यासाठी नाही. सीएसआरचं (कंपन्यांचा सक्तीचा सामाजिक खर्च) नाव कुणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगतो. गाळा एखाद्या कंपनीचा असला तरी स्वतःच्या धंद्याच्या जागेची दुरुस्ती सीएसआरमध्ये दाखवणं अंगाशी येतं. ज्या कामाचा फायदा फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांना होतो, ते नियमानेच बाहेर आहे.

एक वाट खरी आहे, पण अरुंद. एखादा गाळाधारक स्वतः ४० टक्के किंवा जास्त दिव्यांग असेल तर त्याला धंद्यासाठी राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळाचं कर्ज मिळू शकतं. दुकानाच्या आतले बदल त्या प्रकल्पखर्चात बसवता येतात का, हे अर्जाच्या वेळीच विचारा. पण हे कर्ज आहे, आणि तेही त्या व्यक्तीला, सोसायटीला नाही.

जीएसटीचं मात्र आधी ठरवा. सोसायटीची जीएसटी नोंदणी असेल आणि तुम्ही रॅम्प इमारतीच्या भांडवली खर्चात टाकलात, तर सिमेंट-मजुरीवर भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) अडतं. खचलेले ब्लॉक बदलणं ही मात्र सरळ दुरुस्ती. एकच बिल 'रॅम्प व इतर कामे' म्हणून घेतलं की हा फरकच दाखवता येत नाही. दोन वेगळ्या वर्क ऑर्डर काढा आणि त्या काढण्यापूर्वी सीएंना दाखवा. तुमच्याच इमारतीत दोन आहेत की.

मोजपट्टी

अनुदान नाही म्हणून थांबता येईल असं मात्र नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये 'सार्वजनिक इमारत' म्हणजे लोकांचा वावर असलेली सरकारी किंवा खासगी इमारत, त्यात व्यापारी वापर स्पष्ट लिहिलाय. जुन्या इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. दंड पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी ५०,००० ते ५ लाख. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की मापदंड नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे नियम वेगळे काढा. तेव्हा आज काम करताना कमीत कमी मापावर भागवू नका.

आता तुमची मापं. १६ × ३ = ४८ सेंमी चढ. १:१२ ने (१ चढाला १२ लांबी) ५.७६ मी. रॅम्प, वर-खाली दीड-दीड मीटरचे सपाट ओटे, एकूण ८.७६ मी. भिंत ७.५ मी. बसत नाही. इथेच कंत्राटदार 'साहेब, थोडा उभा करू' म्हणतो आणि १:८ चा रॅम्प घालून जातो. त्यावर व्हीलचेअरवाला एकट्याने चढू शकत नाही, आणि उतरताना खुर्ची हातात राहत नाही.

पण ब्लॉक तुम्हाला बदलायचेच आहेत, तेव्हा जमीनच उचला. भिंतीलगत १.८ मी. पट्टा रॅम्पसाठी सोडा (यूडीसीपीआर म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत रॅम्पची रुंदी तेवढीच मागितली आहे). उरतात २.७ मी. तेवढ्यात १:२० ने फरसबंदी १३.५ सेंमी वर येते. १:२० हा चालताना जाणवतही नाही, दुचाक्याही उभ्या राहतात, आणि पाणी इमारतीपासून लांब जातं. मग राहिला चढ ३४.५ सेंमी, रॅम्प ४.१४ मी., ओट्यांसह ७.१४ मी. बसला.

यात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला पायऱ्यांचा. जमीन उचलली की खालची पायरी फक्त २.५ सेंमी उरते आणि वरच्या दोन १६ च्या तशाच. असल्या अर्धवट पायरीवर धडधाकट माणूसही तोंडावर आपटतो. तिन्ही फोडून ११.५ च्या समान करा, ज्येष्ठांनाही बरं. दुसरा चेंबरचा. ड्रेनेजची झाकणं नव्या पातळीला उचलून घ्या, नाहीतर बरोबर रॅम्पच्या तोंडाशी खड्डा.

पॉलिश ग्रॅनाइट घालू नका, जुलैमध्ये कळेल का ते. खराट्याच्या रेघा मारलेलं काँक्रीट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत चांगलं. कठडा दोन्ही बाजूंना, ७६० आणि ९०० मिमी अशा दोन उंचींवर, भिंतीपासून ५० मिमी मोकळा, रॅम्पच्या दोन्ही टोकांना ३०० मिमी पुढे आलेला. मोकळ्या बाजूला ७-१० सेंमीची उभी कड, म्हणजे चाक घसरत नाही. रॅम्पचं कुठलंच टोक फुटपाथवर नको, अतिक्रमणात जाईल. बांधकाम परवानगी विभागाला नकाशा दाखवून अग्निशमन गाडीची वाट अडत नाही हे लेखी घ्या.

उद्वाहन

लिफ्टबद्दल थोडक्यात. जाळीचं दार पूर्ण सरकवल्यावर त्याची घडी बाजूला जागा खाते, त्यामुळे दाराची चौकट मोजू नका, घडी घातल्यावर उरलेली मोकळी जागा मोजा. नव्या इमारतीत ९०० मिमी मागतात. तुमच्या शाफ्टमध्ये (लिफ्ट वरखाली जाते ती उभी पोकळी) नव्या इमारतीसारखी १३ माणसांची केबिन बसणार नाही, पण टेलिस्कोपिक (एकामागे एक सरकणाऱ्या फळ्यांचं) स्वयंचलित दार बसवलं तर त्याच शाफ्टमध्ये थोडी रुंदी मिळते. काम सुरू करण्याआधी लिफ्ट निरीक्षकांची परवानगी घ्या. हे ४ लाखांत रॅम्पसोबत होणार नाही, पुढच्या वर्षी घ्या. आत्ता ब्रेल बटणं आणि मजला बोलून सांगणारं यंत्र तेवढं लावा.

पेठेतला

इतका खटाटोप कशाला? खाली बेल लावा, वॉचमन आणि अजून एकजण खुर्ची उचलून नेतील. सगळीकडे असंच चालतं.

मोजपट्टी

@पेठेतला, बॅटरीवरची खुर्ची माणसाला धरून १५० किलोच्या पुढे सहज जाते. पुष्कळ खुर्च्यांचे हात आणि पायपट्ट्या काढघालीच्या असतात. लोक नेमकं तिथेच धरतात आणि तो भाग हातात येतो, माणूस खाली. शिवाय फिजिओथेरपीला रोज येणाऱ्याने रोज दोघांना हाक मारायची?

आधी_विचारा

शिकवण्याचा प्रश्न मागेच राहिला. कंत्राटदाराला पुस्तक देऊन उपयोग नाही. 'हार्मोनाइज्ड गाइडलाइन्स २०२१' (अडथळामुक्त बांधकामाची केंद्राची मार्गदर्शिका, आयआयटी रुरकी आणि राष्ट्रीय नगर कार्य संस्थान म्हणजे एनआययूएने केलेली) मोफत मिळतात. त्यातली रॅम्प, कठडा आणि स्वच्छतागृह एवढीच पानं छापा, आपली मापं त्यावर लाल पेनने लिहा आणि ती वर्क ऑर्डरला जोडा. शेवटचा २० टक्के हप्ता मापं तपासून झाल्यावरच. उतार तपासायला १.२ मी. लांबीची पट्टी आणि पाणसळ पुरे. पट्टी आडवी पातळीत धरली की खालच्या टोकाशी फट १० सेंमीपेक्षा जास्त नको.

तपासणीला प्रत्यक्ष वापरणारे लोक बोलवा, त्यांच्या वेळेचे पैसे देऊन. एक व्हीलचेअर वापरणारी आणि एक अंध व्यक्ती तासाभरात जे दाखवतात, ते नकाशात सापडत नाही. डोक्याच्या उंचीवर आलेला एसीचा बाहेरचा भाग काठीला लागत नाही, कपाळालाच लागतो.

वॉचमन आणि सफाईवाल्यांना दीड तास पुरतो, पण तो रॅम्पवरच घ्या. खुर्चीला हात लावण्याआधी विचारायचं. तीव्र उतारावर खुर्ची उलटी, पाठीकडून उतरवायची. अंध माणसाचा हात ओढायचा नाही, आपलं कोपर पुढे करायचं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, त्यातून नमस्कार, कुठे, थांबा, लिफ्ट एवढं तरी यावं. वॉचमन बदलतात, म्हणून सिक्युरिटी एजन्सीच्या करारातच हे कलम घाला.

आणि सफाईवाल्यांना निक्षून सांगा: दिव्यांगांसाठी केलेल्या संडासात बादल्या आणि फिनाइलचे कॅन ठेवायचे नाहीत. असले कितीतरी संडास याच कारणाने बंद असतात.

गाळाधारक_कर्वेरस्ता

भरपूर मिळालं, आभार. म्हणजे यंदा फरसबंदी, पायऱ्या, रॅम्प आणि संडास. दोन संडासांमधली भिंत पाडून एक केला तर आतून १.९ × १.८ मी. होतं. चालेल?

मोजपट्टी

यूडीसीपीआरचं १.५ × १.७५ बसतं, २०२१ च्या मार्गदर्शिकेचं २.० × २.२ नाही. जुन्या इमारतीत एवढं मिळालं तर घ्या, फक्त दार ९०० मिमी आणि बाहेर उघडणारं किंवा सरकतं. भांड्याच्या एका बाजूला खुर्ची लावायला जागा सोडा, बेसिन तिथे आणू नका. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची) असेल तर आधारदांडे साध्या रावळप्लगवर (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायची खुंटी) लावायचे नाहीत, अंगाचा भार पडला की उखडून येतात. आरपार बोल्ट आणि मागून पत्रा. दुसरं म्हणजे, मधली भिंत पाडण्याआधी ती इमारतीचा भार घेते का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घ्या. १९९४ चं बांधकाम आहे, नकाशावर विसंबू नका.