येझदी रोडकिंग: बोअर-पिस्टन नवं, तरी ३० किमीत इंजिन धरतं

घाटंजी_२५०:

नमस्कार मंडळी. गाडी रोडकिंग, पॉइंट-डायनॅमोवाली (पॉइंट म्हणजे ठिणगी पाडणारा स्विच), ६ व्होल्ट. ११ वर्षं गोठ्यात उभी होती. झालेलं काम: ब्लॉक ०.५० ओव्हरसाइजला बोअर, पिस्टन-रिंगा नव्या, क्रँकला बिगेंडचा (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा) किट, टाकी आतून साफ, कार्ब्युरेटर खोलून धुतला. क्रँकचे ऑइल सील दिसायला चांगले होते म्हणून तेच ठेवले. पिस्टनचा क्लिअरन्स (बोअरमधली मोकळी जागा) दोन थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पेट्रोल पंपावरचं साधं, लिटरला ३० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल).

थंड असताना दुसऱ्या किकला सुरू होते. गरम झाली की रेस सोडल्यावरही इंजिन लगेच खाली बसत नाही, चार-पाच सेकंद तसंच घोंगावतं. ५० च्या वेगाने ३० किमी झाले की ताकद जाते आणि मागचं चाक धरतं. वीस मिनिटं सावलीत उभी केली की किक मोकळी. प्लग पांढराफटक. ब्लॉक उतरवल्यावर पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, कार्ब्युरेटरच्या बाजूला काही नाही. गिअरचं ऑइल कमी होत नाही.

बोअरवाला म्हणतो ऑइल कमी पडलं, मेकॅनिक म्हणतो टायमिंग चुकलं. पुन्हा बोअर मारायचा का? आणि पुढे गाडी स्क्रॅम्बलर (कच्च्या रस्त्यावरही चालणारी) करायची आहे. कोन फिल्टर (डब्याऐवजी उघडा, शंकूसारखा एअर फिल्टर) लावून झाला, सायलेन्सर अर्धे कापायचे आणि मागची फ्रेम छोटी करायची असा विचार आहे.

थाऊ_आणि_सूत:

बोअरला हात लावू नका. आधी हवा कुठून शिरते ते शोधा.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी हाच पंप. पिस्टन वर जाताना तिथे ओढ तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून मिश्रण आत येतं. डायनॅमोच्या बाजूचा सील कडक झाला असेल तर तीच ओढ तिथूनही हवा खेचते. ती हवा कार्ब्युरेटरमधून आलेली नसते, म्हणजे तिच्यासोबत पेट्रोल नाही आणि ऑइलही नाही. मिश्रण कोरडं होतं, पिस्टनचा माथा तापतो, सायलेन्सरच्या बाजूची भिंत मुळातच जास्त गरम असते म्हणून पहिलं तिथे घासतं. रेस सोडल्यावर घोंगावणं, पांढरा प्लग आणि एकाच बाजूचे ओरखडे ही तिन्ही लक्षणं तुमच्याकडे आहेत.

क्लचच्या बाजूचा सील गेला असता तर चित्र उलटं दिसलं असतं: गिअरचं ऑइल ओढून जाडजूड पांढरा धूर, प्लग ओला, ऑइलची पातळी खाली.

ओरखडे वाचायची सवय लावा. चारही कोपऱ्यांत असतील तर क्लिअरन्स कमी, किंवा इंजिन गरम व्हायच्या आधीच जोरात पिळलं. कार्ब्युरेटरच्या बाजूला मळकट, बारीक घासलेलं दिसलं तर फिल्टरमधून धूळ जाते आहे. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर उष्णता आणि कोरडं मिश्रण.

प्रेशर टेस्ट घरी होते. कार्ब्युरेटर आणि दोन्ही सायलेन्सरचे पाइप काढा. रोडकिंगला एक्झॉस्टची दोन तोंडं आहेत, एक बंद करून दुसरं विसरू नका. जाड रबराची बुचं करून तिन्ही तोंडं घट्ट बंद करायची. कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या बुचातून एक नळी घ्या आणि तिला बीपी मोजायच्या डायलवाल्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडा. ३०० मिमी पारा म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, टेस्टला नेमका तेवढाच दाब लागतो. ट्यूबमध्ये हवा भरायचा पंप लावू नका, १० पीएसआयच्या वर सील जागेवरून सरकतो.

पिस्टन वरच्या टोकाला ठेवा, म्हणजे इनलेटचं भोक पेटीत उघडं राहतं. डायनॅमो पूर्ण काढून ठेवा. काटा ३०० वर नेऊन थांबा. मिनिटाला ५० च्या आत उतरला तर चालवून घेता येतं, त्याहून जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा: डायनॅमोचा सील, ब्लॉकखालचं पॅकिंग, दोन्ही केसचा सांधा. क्लचचा सील बाहेरून दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पापुद्रा धरा, फुगला तर तो सील गळतो. हेडच्या पॅकिंगसाठी पिस्टन खाली आणून प्लगच्या भोकातून वेगळी टेस्ट करायची.

आता क्लिअरन्स. हल्ली मिळणाऱ्या पिस्टनला आपल्याकडच्या उन्हात दोन थाऊ कमीच. ६५ मिमीच्या आसपासच्या बोअरला अडीच ते तीन थाऊ ठेवा, म्हणजे ०.०६ ते ०.०७५ मिमी. पिस्टनचं माप माथ्यावर घेऊ नका. खालच्या कडेपासून सेंटिमीटरभर वर, गजनपिनला (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) काटकोनात घ्या. तुमचा ब्लॉक नुसता होन करून (आतून दगडाने घासून) अर्धा थाऊ मोकळा होईल. रिंगचा गॅप बोअरमध्ये बसवून ०.२५ ते ०.३५ मिमी. बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा पात्यासारख्या राहतात, त्या हाताने अर्धा मिमी मोडून घ्या, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. बहुतेक बोअरवाले हे करून देत नाहीत, सांगावं लागतं. होननंतर ब्लॉक नुसत्या पेट्रोलने धुऊन चालत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण, ब्रश. पांढरं फडकं आतून फिरवलं आणि ते काळं निघेनासं झालं की ब्लॉक धुतला गेला.

रिंगची तोंडं पिस्टनमधल्या पिनवरच बसली पाहिजेत आणि माथ्यावरचा बाण सायलेन्सरकडे. आता हसाल, पण उलटा बसवलेला पिस्टन दुर्मीळ नाही.

वऱ्हाडी_टूटी:

भाऊ, ३० मिली म्हंजे काहीच नाही ना बाप्पा! ह्या इंजिनाले लिटरमांगं ४० मिली पाह्यजे, अन् नवा पिस्टन असला तं पहिले ५०० किलोमीटर ५० मिली. धूर निंघते तं निंघू द्या.

अन् तो कोन फिल्टर काहाले लावला? आपल्या इकडं तुरीच्या अन् सोयाबीनच्या मळणीत जे धूळ उडते, ते थेट पिस्टनवर जाते. काळ्या मातीची धूळ म्हंजे पॉलिशपेपरच समजा. जुना डब्बा परत बसवा, आतमंदी फोम टाका, फोमले फिल्टरचं ऑइल लावून पिळून घ्या. मळणीच्या दिवसात दर आठ दिवसाले धुवा.

एक अजून. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडं उतरतानी रेस बंद करून गिअरमंदी गाडी सोडू नका. पेट्रोल बंद तं ऑइलही बंद, अन् इंजिन तं जोरात फिरूनच रायलं. क्लच दाबा, मधामधात थोडी रेस द्या.

घाटंजी_२५०:

टेस्ट केली. ३०० वरून दहा सेकंदांत १०० च्या खाली. डायनॅमोच्या सीलला बुडबुड्यांची रांग, ब्लॉकखालच्या पॅकिंगला मागच्या बाजूने थोडे. क्लचची बाजू कोरडी. सील काढल्यावर क्रँकच्या शाफ्टवर ओठाच्या जागी खाच दिसते, नख अडकतं. नवा सील लावला तरी गळेल ना?

थाऊ_आणि_सूत:

त्याच जागी बसवला तर गळेल. सील एक-दीड मिमी आत किंवा बाहेर सरकवून बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर चालेल. सरकवताना सील बेअरिंगला टेकणार नाही एवढं पाहा. सरकवायला जागाच नसेल तर लेथवर त्या भागाला पातळ बाही चढवून घ्यावी लागते. स्प्रिंगची बाजू क्रँककडे. ओठाला ग्रीस लावल्याशिवाय बसवू नका, कोरडा ओठ पहिल्या मिनिटात जळतो. व्हायटॉनचा सील मिळाला तर तोच घ्या, उष्णतेला आणि इथेनॉलला साध्या रबरापेक्षा जास्त टिकतो. क्लचच्या बाजूचाही आत्ताच बदला. आज कोरडा असला तरी वय दोघांचं एकच आहे.

ब्लॉकखालचा केसचा पृष्ठभाग काचेवर चिकटवलेल्या ४०० च्या एमरीने तपासा. पॅकिंग कागदी, दोन्ही बाजूंना अगदी पातळ सीलंट. जास्त झालं की ट्रान्सफर पोर्टमध्ये लोंबतं.

बिगेंडचा किट बसवल्यावर क्रँक डायल गेजवर पाहिला होता का? दोन्ही शाफ्ट फिरवून थरथर ०.०३ मिमीच्या आत हवी. वाकडा क्रँक नवा सील महिन्याभरात अंडाकृती करतो. नुसत्या हातोड्याने बसवलेला किट असेल तर प्रेस आणि गेज असलेल्या माणसाकडे न्या. कनेक्टिंग रॉड बाजूला थोडा हलतो ते चालतं, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. केस खोललीच तर बेअरिंग सी३ क्लिअरन्सचे (आत जरा जास्त मोकळे) घ्या. केस १०० अंशांपर्यंत तापवा, पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रकन उडाला पाहिजे, मग बेअरिंग हाताने बसतं.

केस बदलायची वेळ आली तर दोन्ही अर्ध्या एकाच जोडीच्या घ्या. त्या जोडीनेच मशीन केलेल्या असतात, वेगवेगळ्या आणल्या तर बेअरिंगची घरं एका रेषेत येत नाहीत.

सहा_व्होल्ट:

मेकॅनिक टायमिंग म्हणाला ते अगदीच चूक नाही. अ‍ॅडव्हान्स जास्त असेल, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असेल, तरी माथा तापतो. पॉइंटचा गॅप ०.४ मिमी आधी लावा, मगच टायमिंग, कारण गॅप हलला की टायमिंग हलतं. पिस्टन वरच्या टोकाच्या साधारण ३ मिमी आधी असताना पॉइंट उघडायला हवा. पट्टी घालून अंदाज नको, डायल गेज लावा; उघडण्याचा क्षण पॉइंटला छोटा बल्ब जोडून पाहा. प्लगचा गॅप ०.६.

स्क्रॅम्बलरवर मोठा एलईडी दिवा लावणार असाल तर आधी हिशोब करा. जुना डायनॅमो ४५ वॅटच्या घरातला. हेडलाइट, मागचा दिवा आणि कॉइल यातच तो संपतो. इग्निशन बॅटरीवर आहे, म्हणजे बॅटरी उतरली की ठिणगीही अशक्त. बारा व्होल्टचा अल्टरनेटर आणि सीडीआयचा (पॉइंटशिवायचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) किट लावला तर पॉइंटची कटकट मिटते, पण हॉर्न, बल्ब, फ्लॅशर, बॅटरी सगळं बदलावं लागतं. अर्थचं कनेक्शन रंगावर नको. फ्रेमवरचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर घ्या. नव्या रंगाच्या गाडीचं अर्धं वायरिंग तिथेच आजारी पडतं.

पार्ट शोधताना एक लक्षात ठेवा: मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला. २०२२ पासूनच्या नव्या येझदी फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणाऱ्या आहेत, त्यांचं इंजिनाचं काहीही याला लागत नाही. ऑनलाइन मागवताना नावावरून फसू नका.

पांढरकवडा_रोड:

कापाकापीबद्दल.

सायलेन्सर कापू नका. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरच्या आत परतणारी दाबाची लाट ताजं मिश्रण बाहेर निसटू देत नाही. अर्धा कापलात की खालची ताकद जाते, पेट्रोल जास्त लागतं आणि जेटिंग (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकांची, म्हणजे जेटची, जुळवणी) पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा आतली बॅफल काढून साफ करा. पाच लिटर पाण्यात एक किलो कॉस्टिक सोडा, रात्रभर. हातमोजे, चष्मा, उघड्यावर. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. अ‍ॅल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात टाकू नका, विरघळतो आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो.

फ्रेमचंही तसंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील मूळ बनावटीशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. मागची सबफ्रेम कापणं त्यात येतं. न कापता बरंच काही होतं: रुंद हँडल, बटणांचे टायर, बोल्टवर बसणारी छोटी सीट, वर उचललेला पुढचा मडगार्ड, पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या.

इंजिन नंबर आणि चेसिस नंबरच्या जागेवर ग्राइंडर किंवा पावडर कोटिंगचा जाड थर नको. १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण ५ वर्षांचं असतं आणि तपासणीत पेन्सिलने नंबरचा ठसा घेतात. एचएसआरपीसाठीही (सुरक्षा नंबरप्लेट) दोन्ही नंबर वाहन पोर्टलशी जुळावे लागतात. जुन्या गाड्यांची नोंद पुष्कळदा पोर्टलवर नसतेच, तेव्हा आरटीओत बॅकलॉग एंट्रीचा अर्ज आधी द्या, रंगकाम नंतर. ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, पण रोडकिंग त्यात अजून बसत नाही, आणि तशी गाडी रोज वापरताही येत नाही.

पीयूसीला घाबरू नका. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम मर्यादा आहे. नीट जुळवलेली रोडकिंग पास होते, फक्त पूर्ण गरम करून न्या.

घाटंजी_२५०:

दोन्ही सील, पॅकिंग झालं, क्लिअरन्स अडीच थाऊ. क्रँक गेजवर ०.०२. आता काटा ३०० वरून सहा मिनिटांत २६०. जुना फिल्टरचा डबा परत बसवला. फ्रेम कापत नाही. जेट कोणता ठेवू? आणि इथेनॉलचं काय करायचं?

थाऊ_आणि_सूत:

सहा मिनिटांत ४० उतरला म्हणजे उत्तम.

इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणून शुद्ध पेट्रोलवर जुळवलेला कार्ब्युरेटर ई२० वर (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आपोआप कोरडा पडतो. मेन जेट ५ ते ८ टक्के मोठा: १०० नंबर असेल तर १०५ ने सुरुवात करा, सुई एक खाच वर. जुनी नळी आणि फ्लोटचं पॅकिंग बदला, फुगतात. इथेनॉल पाणी ओढतं आणि ते पाणी टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. गाडी दोन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर चालवूनच रिकामा करा. मिश्रण कॅनमध्ये महिनाभर साठवू नका, लागेल तेवढंच करा.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, असं तीनदा. हेडचे नट थंड असताना आमनेसामने पुन्हा आवळा. ५०० किमीपर्यंत सकाळी नऊच्या आत, ५० च्या खाली, पण चौथ्या गिअरमध्ये गुदमरवत नको; चढ आला की गिअर खाली. पाठीमागे कापसाचं बोचकं नको.

मग मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेसवर किलोमीटरभर न्या, क्लच दाबून तिथेच चावी बंद करा आणि प्लग काढा. चहासारखा तपकिरी आला तर जेट बरोबर, पांढरा आला तर अजून एक नंबर वर. ही चाचणी आत्ता मे महिन्यात केली तरी डिसेंबरात पुन्हा करा. पहाटे १० अंशांवर हवा ४५ अंशांपेक्षा बारा टक्क्यांच्या आसपास दाट असते, उन्हाळ्यात तपकिरी दाखवणारा जेट तिथे कमी पडतो. दोन जेट ठेवा, एक गाडीत आणि एक टूलबॉक्समध्ये.