मिलानच्या स्मारकात निर्वासितांना झोपू द्यायचं म्हणजे जरा अतीच नाही का?

उंबरठा: मिलान सेंट्रल स्टेशनात वरच्या प्लॅटफॉर्मच्या खाली पोस्टाचे डबे भरायची जागा होती. डिसेंबर १९४३ पासून तिथे ज्यूंना आणि राजकीय कैद्यांना नाझींच्या छावण्यांत पाठवायला मालडब्यात कोंडायचे आणि आख्खा डबा लिफ्टने वर रुळांवर आणायचे. आता तिथे स्मारक आहे, 'बिनारियो २१', म्हणजे २१ नंबरचा फलाट. २०१५ च्या उन्हाळ्यात सीरिया, इरिट्रियाकडचे लोक मिलान स्टेशनवर येऊन अडकले तेव्हा स्मारकवाल्यांनी त्यांना रात्री आतच झोपायची सोय करून दिली. मला नाही पटत. मदत जरूर करा, शहरात शाळा आहेत, हॉल आहेत, पण जिथून लोकांना मारायला पाठवलं तिथेच गाद्या टाकायच्या? स्मारक म्हणजे धर्मशाळा नव्हे.

कोरा_चहा: आत शिरल्या शिरल्या भिंतीवर भलंमोठं लिहिलंय, 'बेपर्वाई'. ते लिहा असं लिलियाना सेग्रेबाईंनीच सुचवलं होतं, त्या १३ वर्षांच्या असताना वडिलांबरोबर इथूनच आउशवित्झच्या मृत्युछावणीत गेल्या, ३० जानेवारी १९४४. त्या गाडीत ६०५ माणसं होती, परत आली २२, वडील नाही आले. आता एवढं लिहिलेल्या भिंतीच्या बाहेर पोरंबाळं फरशीवर झोपलीयेत आणि तुम्ही संध्याकाळी कुलूप लावून घरी जायचं?

उंबरठा: भावनेला हात घालू नका हो. २०१५ मध्ये सीरियन माणसाला इटलीत कोणी गॅस चेंबरमध्ये पाठवत नव्हतं. दोन्ही एका ओळीत बसवलं की १९४४ चं वजनच कमी होतं, आणि मग उद्या जो उठेल तो आपलं गाऱ्हाणं तिथे आणून मांडेल.

कोरा_चहा: दोन्ही सारखं आहे असं मी कुठे म्हटलं? पण सेग्रे बापलेक आधी पळून स्वित्झर्लंडला पोचले होते हे माहितीये का? तिथल्या लोकांनी परत हाकललं, मग अटक, मग सान व्हितोरे जेल, मग ही गाडी. म्हणजे सीमेवर कोणी आत घेतलं असतं तर त्या गाडीच्या यादीत दोन नावं कमी असती. हा संबंध मी ओढूनताणून आणलेला नाही, तो तिथल्याच इतिहासात आहे.

बिनकामाचा: मला एक कळत नाही, स्वच्छता, संडास, सकाळी शाळेच्या सहली, हे सगळं कोण बघणार? म्युझियम चालवणारी माणसं वेगळी, निवारा चालवणारी वेगळी.

कोरा_चहा: अहो सांत एजिदिओ म्हणून कॅथलिक लोकांची संस्था आहे, ते होते ना बरोबर. ज्यूंच्या स्मारकात कॅथलिक कार्यकर्ते आणि आत झोपलेले बरेचसे मुसलमान, एवढं तरी बघा की.

उंबरठा: फोटो छान येतो, मान्य. माझा मुद्दा तसाच आहे, हे काम नगरपालिकेचं होतं आणि स्मारकाने दार उघडल्यावर नगरपालिका सुटली.