वाचन आणि गणितात अध्ययन अक्षमता: नेहमीची शिकवणी पुरेल का? (इंदूर)

प्रश्न – एक आई, लोकमान्य नगर

नमस्कार. माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा असून इंग्रजी माध्यमाच्या सीबीएसई शाळेत चौथीत शिकतो. ऐकलेली गोष्ट तो बारकाव्यांसह सांगतो, पण तोच मजकूर स्वतः वाचायचा झाला की पहिले अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने बोलतो. हिंदीत मात्रा गाळतो, आणि हातच्याची बेरीज आज जमली तरी उद्या जमेलच असे नाही. डोळे आणि कान तपासले, त्यात दोष नाही. बाल मानसतज्ज्ञांनी निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचण्या घेऊन, बुद्ध्यांक सामान्य असून वाचन आणि गणित दोन्हींत विशिष्ट अध्ययन अक्षमता असल्याचा अहवाल दिला आहे. शाळेतून मात्र सांगण्यात आले, की शिकवणीचे तास वाढवा आणि घरात मराठी बोलणे बंद करा. आमच्याकडे आजी-आजोबांशी त्याचे सगळे बोलणे मराठीतच होते. शिकवणी आणि विशेष शिक्षण यांत नेमका फरक काय, आणि मराठी खरोखर थांबवावी का?

उत्तर १ – विशेष शिक्षिका, रामबाग

ताई, मराठी अजिबात थांबवू नका. आजीशी होणाऱ्या गप्पांतून त्याचा शब्दसंग्रह आणि आकलन वाढत आहे, आणि वाचनाच्या दोन आधारांपैकी हा एक आधार त्याच्याकडे भक्कम आहे. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडले, की वाचन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार होय. दोहोंपैकी एक शून्याजवळ गेले की गुणाकारही तिथेच जातो. आपल्या मुलाचे आकलन शाबूत आहे, लिपी उलगडणे अडले आहे. घरची भाषा काढून घेतल्याने अडलेली बाजू सुधारणार नाही, चांगली बाजू मात्र दुबळी होईल.

आता शिकवणीचा प्रश्न. शिकवणीत चौथीचाच धडा पुन्हा, अधिक वेळ आणि बहुधा अधिक आवाजात शिकवला जातो. विशेष शिक्षणात मुलाचा पाया जिथे सुटला आहे तिथपर्यंत मागे जाऊन, एकेक पायरी ठरलेल्या क्रमाने आणि उघडपणे शिकवली जाते, आणि ती पक्की झाल्याशिवाय पुढची घेतली जात नाही. अमेरिकेतील डॉक्टर ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात घडवलेल्या पद्धतीचे सूत्र हेच आहे: ध्वनी उच्चारायचा, ऐकायचा, पाहायचा आणि हाताने गिरवायचा, हे सारे एकत्र.

सुरुवात लिपीपासूनही नव्हे, ध्वनींपासून करावी. ‘सकाळ’मधून ‘स’ काढला तर काय उरते, असे तोंडी खेळ रोज पाच मिनिटे घ्यावेत, आणि इथे मराठीच सर्वांत उपयोगी पडते, कारण शब्द त्याच्या ओळखीचे असतात. नंतर ‘घर’, ‘नल’, ‘वजन’ असे बिनमात्रांचे शब्द, मग एका वेळी एकच मात्रा. पहिली वेलांटी विशेष संयमाने शिकवावी लागते, कारण ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चार मात्र नंतर होतो. जोडाक्षरे सर्वांत शेवटी घ्यावीत. इंग्रजीतही हाच क्रम ठेवून, त्याला शिकवून झालेल्या ध्वनींनीच बनलेले शब्द आणि वाक्ये वाचायला द्यावीत. चित्रावरून शब्द ओळखायला सांगू नये, कारण त्यामुळे अंदाजाचीच सवय पक्की होते. घरी एक छोटा परिच्छेद आधी आपण वाचावा, मग दोघांनी मिळून, मग त्याने एकट्याने. हे काम रोज वीस ते तीस मिनिटे झाले, तर रविवारच्या दोन तासांपेक्षा अधिक फळते.

एक कळकळीची विनंती करते. रंगीत चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी वाचन सुधारते असे सांगणारे लोक भेटतील. त्यामागे भरवशाचा पुरावा नाही, हे अमेरिकेतील बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्रितपणे सांगितले आहे. ते पैसे आणि मुलाचे दिवस वाचवावेत. शिक्षक निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारावी, आणि दर काही आठवड्यांनी प्रगती मोजून दाखवतात का हेही पाहावे.

उत्तर २ – निवृत्त गणित शिक्षक, तिलक नगर

गणिताविषयी थोडे लिहितो. हातचा विसरतो याचा अर्थ बहुधा असा, की दशक म्हणजे दहा एककांचा गठ्ठा हे त्याच्या मनात अजून बसलेले नाही आणि तो केवळ कृती पाठ करतो आहे. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून घ्यावेत, सुट्ट्या काड्या दहा झाल्या की त्याच्याच हाताने रबर लावून घ्यावे, मग तेच चित्रात काढावे आणि अंक अगदी शेवटी लिहावेत. या मुलांच्या बाबतीत काड्यांवरून अंकांवर जाण्याची घाई केली जाते, आणि तिथेच सगळे बिघडते.

आपल्या संख्यानामांकडेही लक्ष द्यावे. घरी तो ‘एकोणतीस’ ऐकतो, बाजारात ‘उनतीस’ आणि शाळेत ‘ट्वेंटी नाइन’. पहिल्या दोन्हींत तीसचा उल्लेख असतो, पण लिहायचे असतात दोन आणि नऊ. महाराष्ट्रात बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा बराच वाद झाला होता. अशा मुलांसाठी ती रीत निश्चितच उपकारक आहे, असे माझे मत आहे. काही महिने घरातही ‘वीस नऊ’ म्हणावे, नेहमीचे नाव सोबत सांगत राहावे.

पाढे पाठ होत नसतील तर ते जोडून शिकवावेत: पाच साते पस्तीस येत असेल, तर त्यात आणखी एक सात मिळवून सहा साते बेचाळीस. शाब्दिक उदाहरणे आपण वाचून दाखवावीत, म्हणजे वाचनाची अडचण गणिताच्या खात्यात जमा होणार नाही.

पुन्हा प्रश्न – लोकमान्य नगर

आपणा दोघांचे मनापासून आभार. घरातील वडीलधाऱ्यांना अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची भीती वाटते, मुलावर कायमचा शिक्का बसेल असे ते म्हणतात. ते काढणे आवश्यक आहे का?

उत्तर ३ – पालक, सुदामा नगर

ताई, मुलीच्या वेळी आमच्याही घरी हीच चर्चा झाली होती, म्हणून लिहितो. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात झालेला आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत असे ठरले होते, की प्रमाणपत्र मुलाला वयाची आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळावे, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हावी, आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य असावे. ते कुणाला दाखवायचे हे आपणच ठरवता. त्याच्या आधारे सीबीएसईच्या तीन तासांच्या पेपरला साठ मिनिटे अधिक मिळतात, लेखनिक घेता येतो, आणि भाषाविषयांतही सवलत असते. आजोबांना हे वेळेचे गणित समोर बसून सांगावे. आमच्याकडे विरोध त्यानेच मावळला. मात्र दहावीपर्यंत थांबू नये. मानसतज्ज्ञांच्या अहवालाची प्रत जोडून, वर्गात अधिक वेळ आणि तोंडी परीक्षेची मुभा मागणारा लेखी अर्ज शाळेला आत्ताच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.