गडकरीला 1500 चं तिकीट, जावं का न जावं?

तलावपाळीकर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. प्रयोग आपल्या ठाण्याच्या गडकरी रंगायतनला आहे. नाटकाचं नाव घेत नाही, पण राम मारुती रोडपासून घोडबंदरपर्यंत ज्याचे बॅनर लागलेत तेच ते. पंचवीसेक वर्षांनी परत आलंय, जुन्या संचातलं कोणी नाही, दिग्दर्शक नवा, आणि मेन रोलला आपले मालिका-सिनेमावाले साहेब, ज्यांनी मधली कित्येक वर्षं रंगमंचाचं तोंड बघितलं नव्हतं.

काल बुकिंगला बसलो आणि डोळे पांढरे झाले. पहिल्या सात रांगा 1500, त्यामागे 1000, मग 750 चा एक छोटा पट्टा आणि बाल्कनी 500. आम्ही चौघं, म्हणजे आई-बाबा, मी आणि बायको. पुढे बसायचं तर 6000, मधे बसलो तरी 4000, वर ॲपची फी वेगळी, मध्यंतरातले वडे वेगळे.

आता तुम्ही म्हणाल मग नको जाऊस. पण हे नाटक आई-बाबांनी तेव्हा याच गडकरीला पाहिलं होतं आणि माझी दहावी होती म्हणून मला घरी ठेवलं होतं, त्यानंतर महिनाभर जेवताना ते दोघं त्यातली वाक्यं एकमेकांना ऐकवायचे आणि हसायचे, आणि मी आपला भूमितीची प्रमेयं घोटत बसलेलो. तर ती खुन्नस आहे म्हणा.

कोणी पाहिलंय का? 1000-1500 देण्याइतकं आहे का? की गप बाल्कनी घ्यावी? आणि पुढे प्रयोग वाढले की दर उतरतात का, म्हणजे थोडं थांबलो तर चालेल का?

ऐरोलीकरीण

मी पाहिलं, वाशीला भावे नाट्यगृहात, मागच्या रविवारी. 750 चं तिकीट होतं. नाटक आवडलं पण एक गोष्ट सांगते, त्यावरून तुमचं तुम्ही ठरवा.

पहिल्या अंकात साहेबांची एंट्री आहे ना, ते पाठमोरे येतात, हातात कापडी पिशवी. ती पिशवी खाली ठेवायची आणि त्या आवाजाने बाई दचकून वळते, असं लिहिलेलं आहे. इथे झालं काय, की ते दिसले रे दिसले की टाळ्या, शिट्ट्या, मागून कोणीतरी त्यांच्या मालिकेतला डायलॉग ओरडला. ते थांबले, अर्धवट वळले, हात जोडले. पिशवी हातातच! समोरच्या बाईंनी वळायचं कधी? त्या बिचाऱ्या दोन वेळा वळल्या, पहिलं वाक्य दोनदा म्हणाल्या, दुसऱ्यांदा म्हणताना जरा चिडूनच म्हणाल्या आणि खरं सांगू का, ते चिडणं त्या भूमिकेत इतकं चपखल बसलं की पुढे दोन तास मी त्यांनाच बघत होते. बॅनरवर त्यांचा फोटो शोधून सापडला मला, खालच्या कोपऱ्यात, पासपोर्ट साइज.

साहेब वाईट नाहीत हां. दुसऱ्या अंकात एकदम वेगळे होतात, तिथे टाळ्याबिळ्या कोणाला सुचतच नाहीत. पण शाल अंगावर घेतली की कॉलरचा माइक खरखरतो, तेवढं कोणीतरी सांगा त्यांना.

माझं मत, 1500 नाही. 750 ला पैसे वसूल.

पार्किंग_मिळेना

काय राव, मॉलमध्ये सिनेमाला जाता तेव्हा पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंकवर हजार उडवता तेव्हा नाही आठवत बजेट. बीकेसीच्या त्या नवीन हॉलमध्ये इंग्रजी म्युझिकल आलं की लोक काही हजारांचं तिकीट काढतात आणि वर फोटो टाकतात. मराठी नाटकवाल्याने चार पैसे मागितले की लगेच धागा. जिवंत माणूस तुमच्यासमोर घाम गाळतोय, त्याची काही किंमत?

तलावपाळीकर

@पार्किंग_मिळेना पॉपकॉर्न मी घरूनच खाऊन जातो हो 😄 आणि बीकेसीला अजून गेलेलो नाही. घाम गाळणाऱ्याला पैसे मिळू नयेत असं कुठे म्हटलं मी. चारशे-पाचशेत मधली चांगली रांग मिळायची ती कुठे गेली, एवढंच विचारतोय.

@ऐरोलीकरीण पिशवीचा किस्सा बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "तेव्हा पिशवीत पितळी डबा असायचा, आवाज बाल्कनीपर्यंत यायचा."

तिसरी_घंटा

मधली रांग कुठे गेली ते मी सांगतो, मी सहा वर्षं एका संस्थेत मॅनेजरच्या हाताखाली होतो, बुकिंगपासून टेम्पोपर्यंत सगळं केलंय.

एक तर टॅक्स. नाटकाचं तिकीट 500 पर्यंत असेल तर जीएसटी नाही. आधी ही मर्यादा 250 होती, 2018 च्या जानेवारीत 500 केली. 500 च्या वर एक रुपया जरी गेलात तर 18 टक्के, आणि ते वरच्या रुपयावर नाही, अख्ख्या तिकिटावर. आता हिशोब करा. 590 चं तिकीट लावलं तर 90 टॅक्सचे गेले, निर्मात्याच्या हातात पडले 500. म्हणजे 500 आणि 590 त्याला सारखंच, उलट 550 लावलं तर तोटाच. मग तो काय करतो, एक तर 500 ला थांबतो नाहीतर सरळ उडी मारतो 750, 1000 वर. 1000 मधले सुद्धा टॅक्स जाऊन साधारण 847 उरतात. तुमची ती साडेपाचशे-सहाशेची बऱ्यापैकी रांग म्हणून दिसत नाही. आणि आधी 400 ला जी मिळायची ती दोन्हीकडून चेपली गेली.

दुसरं म्हणजे नाईट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाटकात पगार नसतो, प्रयोगाचे पैसे असतात, त्याला नाईट म्हणतात, मग प्रयोग दुपारी 4 चा का असेना. नटाची नाईट, लाइटवाल्याची नाईट, कपडेपटाची नाईट. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. हॉलचं भाडं, पेपरातली जाहिरात, सेटचा टेम्पो, मंडळींची बस, लेखकाचं मानधन हे सगळं ठरलेलं, प्रेक्षक 200 आले काय आणि 800 आले काय. जुन्या नाटकात लेखक हयात नसला तर घरच्यांना मानधन जातं, ते बरोबरच आहे. पण साहेबांसारखा माणूस घेतला की त्यांची नाईट बाकी सगळ्या संचाच्या बेरजेएवढी असू शकते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं. आकडा मी लिहिणार नाही, मला अजून त्याच लाइनीत लोकांना तोंड दाखवायचंय.

आणि गंमत बघा, तिकीट 500 चं 1500 झालं म्हणून बॅकस्टेजच्या पोराची नाईट तिप्पट होत नाही. @पार्किंग_मिळेना घामाचा विषय काढलात म्हणून सांगितलं. सेट लावताना खरा घाम जो गाळतो त्याच्यापर्यंत तुमचे 1500 पोचत नाहीत.

दर उतरतात का? साहेबांच्या तारखा असेपर्यंत नाही. पण सुरुवातीची गर्दी ओसरली की 1500 चा पट्टा सात रांगांवरून चार रांगांवर येतो, असं मी स्वतः केलेलं आहे. दर तोच दिसतो जाहिरातीत, पण पाचवी रांग 1000 ला मिळते.

नौपाड्यातला_नाना

बाल्कनी बाल्कनी सगळे म्हणताय, माझी अडचण वेगळी आहे. वय 71, डाव्या कानात मशीन. दहाव्या रांगेच्या मागे बसलो की मला नाटक दिसतं, ऐकू येत नाही. माइकवरचा आवाज मशीनमधून असा येतो की कोणीतरी डब्यात बोलतंय. म्हणजे मला पुढची रांग हौस म्हणून नको आहे, गरज म्हणून हवी आहे, आणि नेमकी तीच 1500 ला. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत काढली, नाटकवाल्यांनी तर कधी दिलीच नव्हती 😀

गडकरी 1978 साली सुरू झालं तेव्हापासून मी इथे नाटकं बघतोय. त्याआधी मुंबईला जावं लागायचं आणि रात्रीच्या प्रयोगाहून येताना शेवटची गाडी पकडायला धावायचो. त्या काळी प्लॅन उघडायचा, म्हणजे बुकिंग सुरू व्हायचं, त्या सकाळी रांगेत उभं राहायचं आणि खिडकीवर खुर्च्यांचा छापील कागद असायचा, बुकिंगवाला पेन्सिलीने फुली मारायचा. ओळखीचा झाला की तोच सांगायचा, "नाना ही नको, पुढे खांद्याने रुंद माणूस आलाय." आता ॲप काय सांगणार.

तेव्हा स्वस्त होतं आणि आता लुटतात असं मात्र मी म्हणणार नाही. तेव्हा पण महिन्याला एकच नाटक परवडायचं, आणि ते ठरवताना घरात भांडणं व्हायची. फक्त तेव्हा पुढच्या आणि मागच्या तिकिटात एवढी दरी नव्हती, शिक्षक आणि कारखानदार दोन रांगांच्या अंतराने बसायचे.

वाशी_सेक्टर_१७

थोडं अवांतर. "पुनरुज्जीवित नाटक, मोजकेच प्रयोग" हे ऐकलं की मला सुनील बर्वेंचं हर्बेरियम आठवतं, 2010 च्या आसपासचं. पाच जुनी नाटकं काढली होती, प्रत्येकाचे 25 प्रयोग, बस्स. त्यातलं हमिदाबाईची कोठी मी पाहिलं, तिकीट मिळवायला मरमर झाली होती. तिथे नावाजलेले कलाकार होते, पण बोलणं व्हायचं नाटकाबद्दल. आकडा आधी जाहीर केला आणि पाळला. आत्ताच्या बॅनरवर "मर्यादित प्रयोग" आहे, मर्यादा किती ते कुठेच नाही. असं मर्यादित नाटक दोन वर्षांनीही चालू असतं आणि आपण घाईघाईत पहिल्या आठवड्यात 1500 घालून आलेलो असतो.

आणि ज्यांना खरंच नाटकाची भूक आहे त्यांनी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला जाऊन बघा. नाममात्र तिकीट, पंधरा दिवस रोज एक नाटक. पाचातली तीन पडेल असतात हे मान्य, एकदा तर नटाची मिशी पडली ती शेजारणीच्या चहाच्या कपात. पण उरलेल्या दोनात असं काही दिसतं की घरी येऊन झोप लागत नाही.

पार्किंग_मिळेना

मिशीवाला प्रयोग कुठला, तारीख सांगा, मी 1500 देतो.

@तिसरी_घंटा बॅकस्टेजचं माहीत नव्हतं. माझा मुद्दा मागे घेतो, अर्धा.

ऐरोलीकरीण

@नाना खिडकीवर जाऊन कानाचं सांगून बघा. माझ्या सासऱ्यांसाठी भावेला मी विचारलं होतं, प्रयोगाच्या दिवशी पासवाले आले नाहीत तर पुढच्या दोन-चार खुर्च्या सुटतात, तिथे बसवलं त्यांना मागच्या तिकिटावर. नियम म्हणून नव्हे, मॅनेजर चांगला होता म्हणून.

तिसरी_घंटा

हो होतं तसं. फक्त दुसरी घंटा झाल्यावर विचारा, आधी विचारलंत तर नाहीच म्हणणार. मी पण नाहीच म्हणायचो.

तलावपाळीकर

अपडेट. आज सकाळी भाजी आणायला म्हणून निघालो आणि तलावपाळीला वळून सरळ खिडकीवर गेलो, म्हटलं ॲपची फी तरी वाचेल. बाबा पण आले बरोबर. खिडकीवरच्या काकांनी स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली, 1000 च्या पट्ट्याची पहिलीच रांग, कडेच्या दोन खुर्च्या. मी म्हटलं या आई-बाबांना, आणि आम्हा दोघांना बाल्कनीतल्या 500 च्या. एकूण 3000, फी शून्य. हिशोबात बसत होतं.

तर बाबा मधेच म्हणाले, उलट कर. मला कळेना. म्हणाले, "आम्ही पाहिलंय. तू पुढे बस." गुडघ्यांचं काय, जिने चढणार का, मी सगळं बोलून बघितलं, मागे रांग वाढली, काका म्हणाले ठरवा लवकर. शेवटी आईला फोन लावला. आईने विचारलं, बाल्कनीतून पिशवी दिसते का? काका म्हणाले, "बाई, सगळं दिसतं, माणसं तेवढी बारीक दिसतात." मग आई म्हणाली चौघं बाल्कनीतच बसू, उरलेल्या हजारात मामलेदारची मिसळ खाऊ आणि रिक्षाने घरी येऊ.

तर चार बाल्कनी काढल्यात, पहिली रांग, कठड्याला लागून. 2000. येत्या रविवारी दुपारी 4. कोणी तिथे बाल्कनीच्या पहिल्या रांगेत बसलंय का? कठडा मधे येतो का? बायको उंचीने कमी आहे आणि तिकिटं परत घेत नाहीत असं पाठीवर छापलंय.

नौपाड्यातला_नाना

पुढे सरकून बसायचं. आणि उशी न्या.